तीन तास वीस मिनिटं

मामा वारले त्या सकाळी माझी पोरगी सात महिन्यांची होती आणि तिची छाती घरघरत होती. दोनच दिवस झाले होते तिला हॉस्पिटलातून घरी आणून. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलेलं, आठ दिवस हिला बाहेर काढायचं नाही, धूर नको, धूळ नको, प्रवास तर अजिबात नको, दिवसातून चार वेळा मशीननं वाफ द्यायची. मी रात्रभर तिच्या छातीवर हात ठेवून बसायचे. हात वरखाली होतोय ना, तेवढंच बघायचे.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात, आणि माझे तर ते आईकडून नात्यानेही मामाच लागत होते; नवरा त्यांना अण्णा म्हणायचा. गाव लातूरपासून पाऊण तासावर. आम्ही इकडे घाटकोपरला डोंगरावर खोली घेऊन राहतो. आम्ही म्हणजे मी आणि पोरगी, कारण नवरा कामावर बाहेरच असतो. मोबाइलचे टॉवर उभे करायचं काम आहे त्याचं. तेव्हा तो पार तिकडे अरुणाचलात होता, तेजू म्हणून गाव आहे, त्याच्याही पुढे तीन तास डोंगरात. जिथे टॉवर उभा करतात तिथे रेंज नसतेच, म्हणून तर टॉवर. रोज सकाळी सात वाजता तो कॅम्पपासून चालत रस्त्याच्या एका वळणावर यायचा, तिथे दोन दांड्या रेंज मिळायची, तिथून मला फोन करायचा. नेट काही चालायचं नाही. नुसतं बोलणं, तेपण तुटत तुटत.

त्या दिवशी साडेसहाला पहिला फोन आला तो त्याचा नाही, तात्यांचा. तात्या म्हणजे चुलत सासरे, मामांचे धाकटे भाऊ, घरातला सगळा निर्णय त्यांच्याकडे.

"पोरी, गेला गं तुझा मामा."

मामांना काही आजार नव्हता. आदल्या दिवशी फोनवर पोरीचा खोकला ऐकून म्हणाले होते, ओवा भाजून फडक्यात बांध आणि शेक. मी म्हटलेलं, हो मामा, आणि शेकलं नव्हतं.

"पहाटं उठला, पाणी मागितला आणि पडला," तात्या म्हणाले. "आता ऐक. ऊन लई हाय. आम्ही अकराला उचलावं म्हणायलोत. पण पोरगं एकुलतं एक हाय. त्यानं बापाचं तोंड बघायला नको का? त्याला किती टाइम लागतंय यायला, ते तू सांग."

"मी काय सांगू तात्या?"

"मग कोण सांगणार? तू मुंबईत राहतीस. तुमच्या पत्र्यावरून तर इमानं जात्यात."

जातात खरी. आमच्या डोंगरावरून विमानं उतरायला लागतात, चाकं बाहेर काढलेली दिसतात, पोट दिसतं, खालची अक्षरं दिसतात. गावाहून कोण आलं की मी दाराबाहेर नेऊन दाखवायचे. त्यावरून गावात असं झालेलं की विमानातलं मला कळतं. मी कधी विमानात बसले नाही. विमानतळाच्या दारातसुद्धा गेले नाही. पण तात्यांना मी हे म्हटलं नाही. म्हटलं, बघते, सांगते.

आमच्यात तोंड बघणं म्हणजे फार मोठी गोष्ट आहे. माणूस गेलं तर त्याच्या लेकराने त्याचं तोंड बघितल्याशिवाय त्याला हलवत नाहीत. माझ्या आईच्या वेळी माझा भाऊ सुरतेहून यायचा होता, तेव्हा थंडीचे दिवस होते, दीड दिवस थांबले होते. भाऊ आला, तोंडावरचं कापड बाजूला केलं, बघितलं, मगच सगळे उठले. ज्याला बघायला मिळत नाही, तो पुढे आयुष्यभर सांगत फिरतो, मला तोंडपण बघायला मिळालं नाही. माझ्या नवऱ्याचं असं होऊ द्यायचं नाही, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

सात वाजता त्याचा फोन आला. रोजच्यासारखा आनंदात. "काय गं, पिल्लू झोपली का रात्री?"

मी सांगून टाकलं. कसं सांगायचं असतं ते मला माहीत नव्हतं. "मामा गेले रे," एवढंच म्हटलं.

तिकडून नुसता वारा ऐकू येत होता. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाला, "कधी उचलणारेत?"

"अकराला म्हणतायत."

"थांबव त्यांना. मी निघतो. मी पोचेपर्यंत उचलू देऊ नको, काय? ऐक, मुकादमाची गाडी आता दिब्रुगडला चाललीय, इंजिनीअरला सोडायला. त्यात बसू का? तिथे मोठं विमानतळ आहे, पण तिथून किती विमानं बदलावी लागतात काय माहीत. इकडे नेट नाय. तू बघ आणि सांग. दहा मिनिटांत परत लावतो, तोपर्यंत गाडी थांबवतो."

दहा मिनिटं. पोरगी उठली होती, रडून रडून तिला ठसका लागत होता. तिला मांडीवर घेतलं, वाफेचं मशीन एका हाताने तोंडाला लावलं, दुसऱ्या हाताने फोन. मी नववीपर्यंत शिकले. इंग्लिश वाचता येतं, अक्षर लावून लावून. मला आठवलं की तेजूलापण छोटं विमानतळ आहे, त्यानेच मला फोटो पाठवला होता एकदा, नवीन रंग दिलेली इमारत आणि मागे डोंगर. आणि लातूरला तर आहेच विमानतळ, आमच्याकडचं प्रत्येक लेकरू सांगेल, तिथे मंत्र्यांची विमानं उतरतात. म्हटलं, मग दिब्रुगड कशाला? मी तेजू लिहिलं, लातूर लिहिलं, एअरपोर्ट लिहिलं.

आणि आलं.

भारताचा नकाशा आला. वर उजवीकडे एक टिंब, खाली डावीकडे एक टिंब, मध्ये वाकडी रेघ, आणि रेघेवर छोटंसं विमान काढलेलं. खाली लिहिलेलं, डिस्टन्स दोन हजार दोनशे अडुसष्ट किलोमीटर. फ्लाइट टाइम तीन तास वीस मिनिटं.

मी दोनदा वाचलं. फ्लाइट मला कळत होतं, टाइम मला कळत होता. मला एवढं बरं वाटलं की मी पोरीचा मुका घेतला.

त्याचा फोन आला तर पाठीमागे गाडीचं इंजिन चालू होतं, कोणीतरी हिंदीत ओरडत होतं, जल्दी कर भाई.

"बोल लवकर. बसू का?"

"नको बसू," मी म्हटलं. "तू तेजूला जा. तेजूवरून सरळ लातूरला विमान आहे."

"सरळ?"

"सरळ. तीन तास वीस मिनिटं."

"नक्की गं?"

"फोनवर आलंय ना. रेघ पण दाखवलीय."

तो म्हणाला, ठीक आहे. मग त्याने गाडीवाल्याला सांगितलेलं मला ऐकू आलं, "आप जाओ साब, मेरा इधर से डायरेक्ट है." गाडी गेल्याचा आवाजपण ऐकू आला. तो आवाज मला अजून येतो. पंखा चालू असला की येतो.

लगेच तात्यांना लावलं. सासरी मी नवऱ्याला अहो-जाहो करते, तात्यांसमोर तर करतेच. म्हटलं, "तात्या, ते निघालेत. तीन तास तेजूला यायला, मग तीन तास वीस मिनिटं विमान. मध्ये थांबावं लागलं तरी धरून चाला, चार वाजेपर्यंत लातूरला उतरतील. पाचला घरात."

"पाच?" तात्या म्हणाले. ऊन बघत असतील. मग कोणाला तरी ओरडून म्हणाले, "पोरगं इमानानं यायलंय! पाचला पोचतंय! बरफ बघा रे कुठं मिळतंय का!"

आणि मला म्हणाले, "बरं झालं बाई तू हाईस. आम्हाला अडाण्याला काय कळतंय."

सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला बरं वाटलं होतं. मामा घरात मरून पडलेले आणि मला बरं वाटलं.

मग दिवसभर फोन. माझी नणंद गावातच दिलेली आहे, ती एक तासाने एक तासाने फोन करून सगळं सांगायची, रडत रडत. बाजाराच्या गावातून बर्फाच्या दोन लाद्या आणल्या. लाइट गेली. पंखा बंद. बर्फ दाराच्या उंबऱ्यापर्यंत वाहायला लागला. सगळी माणसं पांढरे कपडे घालून मांडवात बसलेली, बुद्धवंदना घ्यायला आलेले गुरुजी दोनदा घड्याळ बघून गेले, त्यांना दुसऱ्या गावात लग्न लावायचं होतं. घरात मयत असेपर्यंत आमच्याकडे चूल पेटवत नाहीत, घरचीच नाही, सगळ्या भावकीची. सात-आठ घरं. नणंद म्हणाली, "वैनी, बारकी लेकरं भुकंनं रडायलीत. म्हातारी माणसं चक्कर येऊन पडायलीत. किती राहिलं गं अजून?"

मी फोनमधली रेघ उघडून बघायचे. विमान होतं तिथेच होतं, रेघेच्या मधोमध.

दुपारी बारानंतर नवऱ्याचा फोन बंद यायला लागला. मी लावला, बंद. परत लावला, बंद. तात्यांनीपण लावला असेल, कारण त्यांचा मला फोन आला, "अगं, त्याचा फोन बंद यायलाय."

मी म्हटलं, "विमानात फोन बंद करायला लावतात तात्या. म्हणजे बसले."

"बसला?"

"बसले असतील म्हणजे."

पण तात्यांनी "असतील" ऐकलंच नाही. मांडवात ओरडलेले मी ऐकले, "बसला! बसला इमानात!" आणि बायका एकदम मोठ्याने रडल्या, ते सुटल्यासारखं रडणं असतं ना, तसं. दाजी, म्हणजे नणंदेचा नवरा, लगेच मोटरसायकल काढून लातूरला विमानतळावर आणायला निघाले. मी खिडकीत उभी राहून पोरीला थोपटत होते. आमच्या डोक्यावरून एक विमान गेलं, पत्रा थरथरला, आणि मी पोरीला म्हटलं, "बघ, पप्पा असाच चाललाय."

तीन वाजून गेले असतील, समोरची काकी ड्युटीवरून आली. काकी मालवणकडची, सांताक्रूझच्या विमानतळावर कामाला आहे, विमान रिकामं झालं की आत जाऊन सीटा पुसायच्या, कचरा काढायचा. पहाटे चारला जाते, तीनला येते. मला तिला आधी विचारायला पाहिजे होतं, पण ती फोन लॉकरमध्ये ठेवते, आत नेऊ देत नाहीत. तिला सगळं चाळीतून कळलंच होतं. चप्पल न काढता माझ्या दारात आली.

"गेलो गो तुझो मामा? आणि तुझो घोव कसो येतलो?"

"विमानात बसला काकी. तेजूवरून डायरेक्ट लातूर."

काकी माझ्याकडे बघत राहिली. "लातुराक इमान? खंयचा?"

मी फोन दाखवला. काकीला इंग्लिश माझ्याएवढंच येतं, पण तिने रोज विमानं बघितलेली. तिने फोन लांब धरला, जवळ धरला, बोटाने वरखाली केलं.

"अगो बाय," ती म्हणाली, "ह्या इमान न्हय."

"अहो काकी, लिहिलंय ना. फ्लाइट टाइम."

"इमान आसा तर तेचो नंबर खंय? सुटाचो टायम खंय? प्रत्येक इमानाक नंबर आसता. ह्यो नुसतो हिशोब केल्यानी. हयसून थंयसर रेघ मारली, आणि समजा इमान गेला तर किती वेळ लागतलो, तो. समजा! असा काय इमान नाय गो. खुळी काय तू?"

मला कळलं आणि कळलं नाही. मी म्हटलं, "मग ते विमान का काढलंय रेघेवर?"

"चित्र आसा ता."

मी खाली बसले. पोरगी काकीने उचलून घेतली. मी नंतर किती वेळा विचार केला की त्याच मिनिटाला मी तात्यांना फोन केला असता तर? साडेतीन पण वाजले नव्हते. काकी म्हणत होती, "सांग, आताच सांग, फोन लाव." आणि मी म्हणत होते, थांबा काकी, थांबा, कदाचित असेल एखादं, कदाचित त्याला तिथे कळलं असेल, दुसरं मिळालं असेल. मला भीती वाटत होती. तात्यांची नाही, मांडवातल्या सगळ्यांची. सकाळपासून उपाशी बसलेल्यांची. इतकी भीती मला पोरीला ऑक्सिजन लावला तेव्हापण वाटली नव्हती, तेव्हा निदान माझी चूक नव्हती.

तेवढ्यात तात्यांचाच फोन. "उतरला का गं?"

आणि मी म्हटलं, "उतरायला आलं असेल तात्या. थोडं पुढेमागे होतं."

काकीने कपाळाला हात लावला. "काय केलंस गो ह्या," एवढंच म्हणाली.

वीस मिनिटांनी दाजींचा फोन आला. मागे सोसाट्याचा वारा.

"वैनी, मी लातूरच्या विमानतळावर थांबलोय. गेटला कुलूप हाय."

मी काकीकडे बघितलं.

"आत एक वॉचमन हाय. त्याला म्हणलं, तेजूचं इमान किती वाजता? तो म्हणला, कुठलं तेजू? म्हणलं, अरुणाचल. तर हसायला लागला ओ. म्हणला, पाव्हणं, हितं कोणी येणार असलं तर आधी पोलीस येत्यात, मग झाडू मारत्यात, मग इमान येतंय. आज झाडू मारला नाही." दाजी पण हसल्यासारखे झाले, मग त्यांचा आवाज बदलला. "वैनी, तुम्ही नीट बघितलंव ना?"

मी म्हटलं, "दाजी, माझी चूक झाली."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "आता मी काय सांगू तिकडं?" असं विचारून त्यांनी फोन ठेवला.

नवऱ्याचा फोन साडेचारला आला, एका भरलेल्या सुमो गाडीतून. सकाळी एक ट्रक मिळाला, त्यात बसून तो तेजूला विमानतळावर गेला होता. तिथे शिपायाने सांगितलं, इथून लातूर काय, त्या बाजूला काहीच जात नाही, जे आहे ते जवळपासचंच, आणि तेही आज नाही. फोनची बॅटरी तिथेच संपली. कॅम्पवर जनरेटर संध्याकाळीच लावतात ना, चार्जिंग नव्हतंच. नंबर कोणाचा पाठ नाही. मग तो दिब्रुगडची गाडी शोधत फिरला. आता गाडीतल्या चार्जरला लावून बोलत होता.

मला वाटलं ओरडेल. तो हळू आवाजात म्हणाला, "सकाळी त्या गाडीत बसलो असतो ना, तर दुपारचं विमान सापडलं असतं. इंजिनीअर कलकत्त्याला पोचतपण असेल आता."

"मला नाही कळलं रे."

"उद्याचं आहे. उद्या रात्रीपर्यंत हैदराबाद, तिथून बस. परवा सकाळी. थांबतील का?"

परवा. त्यालाही माहीत होतं. तरी विचारलं.

मी तात्यांना फोन लावला. दाजींनी सांगितलं होतंच. तात्यांचा आवाज एकदम म्हाताऱ्यासारखा झाला होता, सकाळी तसा नव्हता. मी म्हटलं, ते परवा येतायत. तात्या म्हणाले, "परवा काय, पोरी, आता एक तासपण नाही थांबता येत. तू इथं असतीस तर तुला कळलं असतं. वास सुटलाय."

"तात्या, मी..."

"तू लहान हाईस. तुला काय बोलू? मीच येडा, इमान म्हणल्यावर भुललो." मग म्हणाले, "अकराला उचललं असतं तर तोंड चांगलं होतं गं त्याचं. झोपल्यावाणी होतं."

मी एकच मागणं केलं. म्हटलं, उचलायच्या आधी व्हिडिओ कॉल लावा, मी त्यांच्यातर्फे बघते. त्यांच्याकडे नेट नाही, पण मी फोटो काढून ठेवते, त्यांना दाखवते. नणंदेने लावला. फोन हातातून हातात जात होता, मांडवाचं कापड दिसलं, पाय दिसले, कोणाचं तरी रडणं, मग कोणीतरी म्हणालं, "बघ म्हणावं, विमानवालीला नीट बघू दे," आणि कापड बाजूला केलं. मी बटण दाबून फोटो घेतला. एकच. दुसरा घ्यायला हात उठला नाही. तोंड सुजलं होतं, रंग बदलला होता, ओठ मामांचे नव्हतेच. त्रिशरण चालू झालं, त्याच आवाजात फोन बंद झाला.

पोरीची वाफ द्यायची वेळ झाली होती. काकीने दिली.

नवरा तिसऱ्या दिवशी सकाळी पोचला. राख सावडून माणसं घराकडे परत निघाली होती, तेव्हा तो पाठीवर बॅग घेऊन समोरून आला. हे मला नणंदेने सांगितलं. तो रस्त्यातच खाली बसला म्हणे. कोणी त्याला तोंडाबद्दल काही सांगितलं नाही, आणि त्यानेपण विचारलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर मी पोरीला घेऊन पुढच्या कार्यक्रमाला गेले. विमानवाली हे नाव तोपर्यंत सगळ्या भावकीत झालं होतं. बायका भाकरी थापताना बोलायच्या, मी शेजारी बसलेली असायचे.

"मीठ संपलं गं, कोण आणतंय?"

"विमानवालीला सांग. तीन तासात आणती."

आणि हसायच्या. वाईट मनाने नाही, असंच. सासूबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत, फक्त पोरीला घेऊन बसायच्या, आणि मी पाजायला मागितली की हातात द्यायच्या, माझ्याकडे न बघता. निघायच्या दिवशी मी पाया पडले तर म्हणाल्या, "त्याला जेवायला घालत जा." ते माझ्यासाठी होतं की त्याच्यासाठी, मला कळलं नाही.

आम्ही घाटकोपरला परत आलो. त्याची कामावर परत जायची तारीख अजून यायची होती. तो दिवसभर घरात असायचा, पोरीला खांद्यावर घेऊन फिरायचा, टाकीचा नळ दुरुस्त केला, कपाटाचं दार नीट बसवलं. माझ्याशी नीट बोलायचा. भाजीत मीठ जास्त झालं तरी काही म्हणायचा नाही, आधी म्हणायचा. त्या न बोलण्याचंच मला ओझं झालं होतं. मी एकदा म्हटलंपण, "एकदाचं बोल ना मला काय बोलायचंय ते." तो म्हणाला, "काय बोलू? तू बघून सांगितलं, मी ऐकलं. विचार मीपण करायला पाहिजे होता. मी तर कितीदा तिथून गेलोय, एकपण मोठं विमान उतरलेलं बघितलं नव्हतं."

मग एके दिवशी दुपारी, पोरगी झोपली होती, तो म्हणाला, "तुझ्याकडे फोटो आहे म्हणे."

मी तो फोटो कोणाला दाखवला नव्हता. स्वतःही परत उघडला नव्हता. किती वेळा वाटलं काढून टाकावा, म्हणावं की नेट नव्हतं, आलाच नाही. पण त्याला नणंदेने सांगितलं होतं.

"नको बघू," मी म्हटलं.

"का?"

"चांगला नाही आला."

"तोंड आहे ना?"

मी काय सांगणार होते त्याला? की तुझ्यासाठी सहा तास जास्त ठेवलं, आणि जे तोंड तुला दाखवायला ठेवलं, तेच ठेवून ठेवून गेलं? की अकराला उचललं असतं तर निदान बाकीच्यांनी तरी नीट बघितलं असतं? मी फोन दिला. फोटो उघडून दिला आणि मोरीत जाऊन उभी राहिले, नळ न सोडता.

मग तो म्हणाला, "हा कोणाचा फोटो आहे?"

मी बाहेर आले. तो खरंच विचारत होता. त्याला वाटलं मी चुकून दुसरा उघडला.

"मामांचाच आहे," मी म्हटलं.

"नाय गं. हे अण्णा नाहीत."

"त्यांचाच आहे रे. ऊन होतं. लाइट गेलेली. बर्फ..."

तो परत बघायला लागला. दोन बोटांनी फोटो मोठा केला. कपाळ बघितलं, नाक बघितलं, हनुवटी बघितली, प्रत्येक ठिकाणी मान हलवत होता, नाही, नाही. मग फोटो बाजूला सरकवत सरकवत कानापाशी नेला. मामांच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली होती, लहानपणी बैलाच्या शिंगाने. ती तिथे तशीच होती.

"कान त्यांचाच आहे," तो म्हणाला.

मग त्याने अंगठा आडवा करून सगळं तोंड झाकलं, आणि उरलेला तेवढा कान बघत बसला.